ब्रंच, बुफे आणि न येणारा चहा

ब्रंच हा प्रकार जन्मालाच आला तो निवांतपणासाठी. गाय बेरिंजर (हो, नाव खरंच गाय!) या इंग्रज लेखकाने १८९५ मध्ये त्याची वकिली केली. रविवारी उशिरा उठा, नाश्ता आणि जेवण एकदमच उरका, गप्पा मारा. मान्य! पण निवांतपणा आपण ठरवून घ्यायचा असतो, हॉटेलने आपल्यावर लादायचा नसतो.

गेल्या महिन्यात बाबांच्या पंचाहत्तरीला आम्ही सगळे पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात ब्रंचला गेलो होतो. पदार्थ भरपूर, चवीबद्दल तक्रार नाही. पण बाबांचे गुडघे दुखतात, डोशाच्या रांगेत उभं राहणं त्यांना जमत नाही. त्यांनी फक्त एक चहा मागितला. "हो सर, लगेच." पंधरा मिनिटांनी पुन्हा आठवण केली. पुन्हा "लगेच". चहा आला चाळीस मिनिटांनी, तोही कोमट. माझा आवाज चढणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "राहू दे रे, एकटा आठ टेबलं सांभाळतोय तो."

खरंच होतं ते. हा आळस नव्हेच, हा हिशोब आहे. तव्यावर एका वेळी दोन डोसे, एका घाण्याला तीन मिनिटं, म्हणजे तासाला चाळीस डोसे. दुपारी एकला शंभर माणसं आली तर आचारी काय जादू करणार? तसंच वाढण्याचं. बुफेत लोक आपलं आपण घेतात, मग माणसं कशाला ठेवायची, असा विचार होतो. पण पाणी, चहा, उष्ट्या बशा, बिल ही कामं उरतातच. आणि ज्याला उठता येत नाही त्याचं काय?

आपल्या पंगतीत हे बरोबर जमायचं. एकाकडे वरण, एकाकडे भात, एकाकडे भाजी. वाढपी ओळीने येणार म्हणजे येणारच. म्हातारं माणूस असो की पोर, जागेवरून हलावं लागत नसे.

आणि वर बिलात सर्व्हिस चार्ज! जीएसटी सरकारचा, पण सर्व्हिस चार्ज हॉटेलचा स्वतःचा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हॉटेलांनी तो आपोआप बिलात लावू नये, द्यायचा की नाही हे ग्राहकाने ठरवावं. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ही मार्गदर्शक तत्त्वं कायम ठेवली. म्हणजे आपण "हा काढा" असं शांतपणे म्हणू शकतो. ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

माझं मत विचाराल तर वेटरवर ओरडू नये. तो पोरगा सकाळपासून उभा असतो आणि किती माणसं कामाला ठेवायची हे काही त्याच्या हातात नसतं. मॅनेजरला बोलवावं, चार्ज काढायला लावावा, आणि कारणही सांगावं की माणसं कमी आहेत. त्या पोराने मनापासून धावपळ केली असेल तर त्याच्या हातात काहीतरी ठेवावं. आम्ही तेच केलं.

आपल्या आईवडिलांची पिढी मागायला संकोचते, "राहू दे" म्हणते. म्हणून त्यांच्या वतीने आपण बोलायला हवं, न भांडता.

असो. तुम्ही अशा वेळी काय करता? जरूर लिहा.