दुभाष्या नको

पोर्तुगीज शिकतोय म्हटलं की समोरच्याचा पहिला सवाल ठरलेला : आधी इंग्रजी तरी धड येतं का? दुसरा सवाल : क्लास कुठला लावलास? तिसरा सवाल तोंडातून बाहेर येत नाही, नुसता डोळ्यांत दिसतो. तू चाललास तरी कुठं?

तर दोस्तांनो, चाललोय ब्राझीलला. साओ पाउलो शहरात. तिथं कागद-पुठ्ठा-पत्रा वेचून पोट भरणारी माणसं आहेत, त्यांची संघटना आहे, त्यांना भेटायला. सोबत आमच्या वस्तीतल्या, तोच धंदा करणाऱ्या बाया. माझ्या आईनं पाठीवर पोतं घेऊन उभा जन्म काढला, तेव्हा पोत्याची ओळख मला कुणी करून द्यायला नको. भाषेची मात्र नव्हती. हातात अडीच महिने. क्लासची फी परवडणारी नाही. म्हणून रात्री दहानंतर, घरातली सगळी झोपली की, मी स्वतःच स्वतःचा मास्तर.

शहाणी मंडळी म्हणतात, कशाला डोकं फोडतोस, तिथं दुभाष्या असणारच की. असणारच! माझं भांडण त्याच्याशीच आहे. तिथली बाई बोलणार पोर्तुगीजमध्ये, एकजण त्याचं इंग्रजी करणार, दुसरा त्याचं मराठी करणार, मग ते आमच्या लक्ष्मीबाईपर्यंत पोचणार. आणि लक्ष्मीबाई म्हणणार, 'भंगारवाला मेला काट्यात मारतो.' परतीच्या प्रवासात त्याचं होणार, 'विक्रीव्यवस्थेत पारदर्शकतेचा अभाव जाणवतो.' शिवी गळाली. हसू गळालं. 'मेला' तर पार मेलाच. इथल्या सभांमध्ये मराठीचं इंग्रजी होताना हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिलाय. आपल्या वतीनं बोलणारांची जमात फार जुनी आहे आणि तिचं पोट कधी भरत नाही. अडीच महिन्यांत मी काही पंडित होणार नाही, व्हायचंही नाही. पण दुभाष्यानं मधल्या मध्ये काय गाळलं, एवढं तरी कानाला कळलं पाहिजे.

आता पुस्तकांचं सांगतो. प्रवाशांसाठी वाक्यांची छोटी पुस्तकं मिळतात, मोबाईलवरही तसलंच मिळतं. उघडून बघा. बिल आणा. चादर बदला. टॅक्सी बोलवा. सामान वर न्या. सगळी वाक्यं हुकमाची! ज्याच्यावर हुकूम चालतो त्याच्या तोंडचं एक वाक्य नाही. 'आज काम मिळालं नाही', 'मजुरी कधी देणार', 'नळाला पाणी किती वाजता येतं', ही वाक्यं जगातल्या निम्म्या माणसांना रोज लागतात, पण पुस्तकवाल्याच्या लेखी ती माणसं प्रवासाला निघतच नाहीत. ज्यांना पोर्तुगीजचं काही येत नाही त्यांना एक शब्द हमखास येतो, 'सौदाद'. म्हणजे गोड हुरहूर. हुरहुरीला वेळ असणाऱ्यांनी ती खुशाल पाठ करावी.

मी दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. मराठीत पोर्तुगीज शब्द किती आहेत ते वहीत मांडले. पाव, बटाटा, साबण, चावी, पिंप, परात, घमेलं, मिस्त्री, पगार, लिलाव, तुरुंग. यादी मोठी आहे, पण एवढीच वाचा. बिगारी नाक्यावरून उचलल्यासारखी वाटते. घमेलं म्हणजे त्यांचं 'गामेला', लाकूड कोरून केलेलं भांडं. मिस्त्री म्हणजे 'मेस्त्रि'. 'पागार' हे त्यांच्याकडं क्रियापद आहे, पैसे देणं. आमच्याकडं येता येता ते नाम झालं आणि महिनाअखेरीला चिकटलं. हे शब्द कुठल्या विद्यापीठानं आणले नाहीत. गोदीतून, भटारखान्यातून, बांधकामावरून ते आले, हातांनी आले. म्हणजे अक्षर शिकण्याआधीच अर्धा तास पोर्तुगीज बोलण्याएवढा माल आमच्या बायांच्या तोंडात तयार आहे. हे त्यांना सांगितलं तर आधी विश्वास बसेना, मग घमेल्यावरून तासभर हसणं.

पण थांबा. फार लाडात यायचं कारण नाही. ही भाषा बोट धरून आली नाही, चाबूक घेऊन आली. १५१० साली गोवा घेतला तो १९६१ पर्यंत सोडला नाही. १६८४ साली तिथल्या व्हाइसरॉयनं फर्मान काढलं, तीन वर्षांत कोकणी टाकून द्या आणि पोर्तुगीज बोला. लोकांनी टाकली नाही, ते सोडा. आपल्या 'तुरुंग' शब्दाच्या मुळाशी आहे 'त्रोंकु', म्हणजे झाडाचा बुंधा, ओंडका. ब्राझीलमध्ये गुलामाचे हातपाय ज्या लाकडी खोड्यात अडकवत त्याचं नावही हेच. आफ्रिकेतून अठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास माणसं एकट्या ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून उतरवली गेली, आणि गुलामी कायद्यानं बंद झाली ती १८८८ साली, अमेरिका खंडात सगळ्यांत शेवटी.

आणि शब्दकोश चाळता चाळता 'क'मध्ये भेटला 'कास्ता'. वंश, पैदास, वाण. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इथं आले, आपल्या जाती पाहिल्या आणि हा शब्द त्यांना चिकटवला. त्याचंच इंग्रजीत 'कास्ट' झालं. आज पोर्तुगालात दारूच्या बाटलीवर हा शब्द छापतात, द्राक्षाचा वाण सांगायला. तिथं द्राक्षाला, इथं माणसाला. त्या रात्री पुढचा धडा झाला नाही.

तरी शिकतोच आहे. का, ते सांगतो. इथं रेवदंड्याच्या खाडीपलीकडं कोर्लई गाव आहे. चौलचा पोर्तुगीज अंमल १७४० साली संपला, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वाड्यात पोर्तुगीजपासून बनलेली एक बोली अजून जिवंत आहे. तिला ती माणसं 'नोलिंग' म्हणतात, आपली भाषा. शाळा नाही, व्याकरणाचं पुस्तक नाही, शुद्ध-अशुद्ध तपासणारा कुणी नाही. जेमतेम हजारभर माणसांनी मालकाची भाषा मोडून स्वतःची केली आणि पावणेतीनशे वर्षं चालवली. ब्राझीलमध्ये तेच प्रचंड प्रमाणावर झालं. आफ्रिकी माणसानं मालकाची भाषा बोलता बोलता वाकवली. लेलिया गोन्झालेस नावाची काळी विचारवंत बाई होऊन गेली (१९३५–१९९४). तिनं या भाषेला नाव दिलं 'प्रेतुगेस'. प्रेतो म्हणजे काळा, त्याला पोर्तुगेसचं शेपूट. शेंडेफळाला तिथं 'कासुला' म्हणतात, तो शब्द अंगोलाचा. 'फ्लामेंगो' या फुटबॉल क्लबला गरीब माणूस 'फ्रामेंगो' म्हणतो आणि शिकलेला माणूस त्याला हसतो. लेलियाचं म्हणणं असं की ज्या आफ्रिकी भाषांतून ही माणसं आली त्यांत 'ल' नव्हताच, तेव्हा हसता कशाला? 'आनि-पानी'वर वर्गात हशा झेललेल्या पोराला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता जरा कामाचं. इंग्रजीच्या वाटेनं पोर्तुगीजकडं जाऊ नका, लांब पडतं. इंग्रजीत नामाला लिंग नाही, म्हणून ती पुस्तकं दहा पानं रडतात. आपल्याला तीन लिंगांची सवय, त्यांची दोनच. पुरुष आभार मानताना 'ओब्रिगादु' म्हणतो, बाई 'ओब्रिगादा'. आपलं आलो-आलेसारखंच झालं की. उच्चार देवनागरीत लिहा, रोमन अक्षर फसवतं. ब्राझीलमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'र' बहुतेक ठिकाणी 'ह' होतो, म्हणून रस्ता म्हणजे 'हुआ'. शेवटचा 'ल' होतो 'उ'. ते स्वतःच्या देशाला 'ब्राझिउ' म्हणतात. नाकातला स्वर मात्र सांभाळा. पाव मागताना नाकातून 'पाँउ' म्हणायचं. नाकाविना नुसतं 'पाउ' म्हटलं तर लाकूड होतं, आणि चारचौघांत न सांगण्याजोगं आणखी एक काहीतरी होतं. बेकरीवाला हसला तर कारण ते.

'असणे' या क्रियापदाला त्यांच्याकडं दोन रूपं. कायमच्या असण्याला एक, सध्याच्या असण्याला दुसरं. मी बेकार आहे, हे दुसऱ्यानं सांगतात. मी गरीब आहे, हे पहिल्यानं! व्याकरणातसुद्धा ठरवूनच टाकलंय साल्यांनी.

धडे कसे लावायचे, ते मी पाउलो फ्रेरेकडून उचललं. हा ब्राझीलचाच मास्तर. १९६३ साली अँजिकोस नावाच्या गावात तीनशेच्या आसपास मजुरांना चाळीस तासांत वाचायला शिकवायचा घाट त्यानं घातला. त्याची रीत अशी : मजुराच्या रोजच्या जगण्यातला शब्द घ्यायचा, समजा 'तिजोलो', म्हणजे वीट. आधी विटेवर बोलायचं. कोण भाजतं, कोण वाहतं, घर कुणाचं होतं. मग शब्द फोडायचा, ता ते ति तो तु, जा जे जि जो जु, ला ले लि लो लु. च्यायला, ही तर आपली बाराखडीच! मग त्याच तुकड्यांतून माणूस नवे शब्द जुळवतो. त्या काळी ब्राझीलमध्ये निरक्षराला मताचा हक्क नव्हता, तो मिळाला १९८५ साली. म्हणजे वीट वाचता आलेला मजूर थेट मतदार होत होता. १९६४ साली लष्करानं सत्ता बळकावली, फ्रेरेला तुरुंगात टाकलं, मग त्याला देश सोडावा लागला. बाराखडीला एवढं घाबरतात.

माझं पाठ्यपुस्तक आहे कारोलिना मारिया दे जेजुस. साओ पाउलोच्या कानिंदे झोपडपट्टीत राहणारी, कागद वेचणारी काळी बाई. शाळा दोनच वर्षं. कचऱ्यात सापडलेल्या वह्यांवर तिनं रोजनिशी लिहिली, ती १९६० साली पुस्तक होऊन आली : 'क्वार्तो दे देस्पेजो', अडगळीची खोली. पुस्तक धडाक्यात खपलं, डझनावर भाषांत गेलं. लगेच कुजबुज सुरू झाली, हे त्या बाईनं लिहिलंच नसेल, पत्रकारानं लिहून दिलं असेल. आपल्याकडंही हे झालंय, नावं घेत नाही. छापणाऱ्यानं तिच्या शुद्धलेखनाच्या चुका तशाच ठेवल्या, आणि त्या ठेवाव्यात की नाही यावर तिथले विद्वान अजून भांडतात. त्यांनी भांडावं. मला त्या चुकांचा फायदा आहे. तिनं शब्द कानाप्रमाणं लिहिला की मला रस्त्यावरचा उच्चार कळतो. पहाटे नळावर पाणी, मग कागद, मग वजन, मग पोरांना काय घालायचं. शब्द तेच ते फिरून येतात : पाणी, भूक, कागद, घेवडा. दहा पानांत शंभर शब्द पाठ. प्रत्येक शब्दामागं एक दिवस उभा असतो, मग विसरणार कसा?

तिच्यासारख्या माणसांना तिथं 'कातादोर' म्हणतात, बाईला 'कातादोरा'. क्रियापद 'कातार', वेचणं. घेवडा निवडायला तेच क्रियापद, डोक्यातल्या उवा काढायलाही तेच. २००१ साली त्यांनी देशभराची चळवळ उभी केली, २००२ साली सरकारी धंद्यांच्या यादीत 'कातादोर' हे नाव लागलं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून आहे. दोघांनी एकमेकांना विचारावं असं खूप आहे, आणि ते विचारायला मध्ये तिसरा माणूस कशाला?

परवा आमच्या बायांना बसवून विचारलं, तिथं गेल्यावर पहिलं काय विचारू? संस्कृती, निसर्ग, कुणी काही म्हणालं नाही. लक्ष्मीबाई म्हणाली, पुठ्ठ्याला किलोमागं काय देतात ते विचार. ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवलं. 'क्वांतु पागाँउ नु किलु दु पापेलाँउ?' त्यातलं 'पागाँउ' त्यांना लगेच ओळखू आलं. पगार. खाली त्यांनी आणखी सवाल घातलेत. काटा कुणाच्या मालकीचा? पाळी आली की कुठं जाता? पोलीस उठवतात का? कुत्री चावली तर इंजेक्शन फुकट मिळतं का? शेवटच्या दोन वाक्यांचं पोर्तुगीज अजून जुळायचंय. आज रात्री बसतो.