भीमेच्या खोऱ्यातील नत्र

भीमा नदी भीमाशंकरच्या जंगलात उगम पावते. घाटमाथ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडणारा पाऊस सोलापूरकडे ६०० मिलिमीटरवर येतो. नदीत येणाऱ्या नत्राचे गणित मात्र याच्या उलट आहे. नत्र वाहून नेण्याचे काम पावसाचे. नेण्यासाठी ते किती शिल्लक असेल, हे जमिनीच्या वापरावर ठरते.

जंगलात पालापाचोळा कुजून सुटणारे नत्र मुळे आणि सूक्ष्मजीव लगेच उचलतात. अमेरिकेतील हबर्ड ब्रुक येथे १९६५च्या अखेरीस एका छोट्या पाणलोटातील सगळी झाडे तोडून नवी उगवण रोखली गेली. तिथल्या ओढ्यातील नायट्रेट कित्येक पटींनी वाढले; शेजारच्या राखलेल्या जंगलात तसे झाले नाही.

पठारावर ऊस आहे. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. युरियात ४६ टक्के नत्र असते. मातीत त्याचे आधी अमोनियम आणि मग नायट्रेट होते. अमोनियम चिकणमातीच्या कणांना धरून राहते, नायट्रेट पाण्याबरोबर निघून जाते. उन्हाळाभर रानात साचलेले नायट्रेट मृगाच्या पहिल्या पावसांत सुटते. संथ पाऊस ते मुळांखाली, विहिरींत आणि झऱ्यांवाटे सावकाश नदीत पोचवतो. मुसळधार पाऊस वरची माती तिच्यातल्या नत्रासह थेट ओढ्यात लोटतो. अवर्षणात पीक खुंटले, तर न वापरलेले खत जमिनीत उरते आणि पुढच्या चांगल्या पावसात बाहेर पडते.

शहराची गोष्ट वेगळी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून बारमाही भीमेला मिळते. पुरात ते विरळ होते, उन्हाळ्यात नदी आटली की त्याची तीव्रता वाढते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात शेताचे आणि शहराचे हे पाणी थांबते. नत्र आणि स्फुरदावर शेवाळ व जलपर्णी माजतात. त्या कुजताना पाण्यातला प्राणवायू घटतो. याच जलाशयातून सोडलेल्या पाण्यात, चंद्रभागेत, दिवाळीनंतर कार्तिकी वारीचे स्नान होते.

उपायही दोन्हीकडे हवेत. शेतात खत हप्त्याहप्त्याने आणि ठिबकमधून देणे, पावसाचा जोर असताना युरिया न टाकणे, ओढ्याकाठी गवत-झाडांचा पट्टा राखणे; शहरात नत्र काढून टाकणारी सांडपाणी प्रक्रिया. शेतातल्या उपायांचा गुण मुख्यतः पावसाळ्यात येतो, शहरातल्या उपायाचा उन्हाळ्यात. त्यामुळे एक केला म्हणून दुसरा टाळता येत नाही.