कासव पाळताय? मग त्याला घरही द्या!

मुलाच्या वाढदिवसाला काय आणावे, या विचारात वडील दुकानासमोर थांबतात. प्लॅस्टिकच्या भांड्यात, प्लॅस्टिकच्याच नारळाच्या झाडाखाली नाण्याएवढी हिरवी कासवे हातपाय हलवीत असतात. 'याला काही लागत नाही साहेब, चिमूटभर दाणे टाकले की झाले,' दुकानदार सांगतो. घरात कासव असले की लक्ष्मी नांदते, असे आजीचेही म्हणणे असतेच. कासव भांड्यासकट घरी येते. काही महिन्यांत त्याचे डोळे सुजतात, कवच मऊ पडते आणि एके दिवशी ते हलेनासे होते. 'आपल्याला लाभले नाही,' म्हणून सारे हळहळतात. खरे तर त्याला जगायला जे लागते, ते त्या भांड्यात नव्हतेच.

पाहुणा कुठला?

डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हे कासव म्हणजे 'रेड-इअर्ड स्लायडर'. त्याचे मूळ गाव अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे. आज नाण्याएवढी दिसणारी मादी पुढे २५ सेंटिमीटरपर्यंत वाढते. नर थोडा लहान राहतो. नीट सांभाळल्यास ते २० ते ३० वर्षे जगते. म्हणजे आज पहिलीत असलेल्या मुलाचे लग्न होईल, तेव्हाही कासव घरातच असेल! आणण्यापूर्वी हा हिशेब मनाशी करावा.

पाणी हवे खोल आणि स्वच्छ

भांडे बाजूला ठेवून काचेची मोठी टाकी घ्यावी. कवचाच्या दर इंचामागे सुमारे ४० लिटर पाणी, हा सोपा हिशेब. आठ इंची कासवाला ३०० लिटरहून अधिक पाणी लागेल. एवढ्या पाण्याचे वजनच ३०० किलोच्या वर जाते, तेव्हा खालचा स्टँड भक्कम हवा. पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या निदान दीडपट ठेवावी, म्हणजे कासव मोकळेपणी पोहते.

कासव पाण्यातच खाते आणि पाण्यातच घाण करते. त्यामुळे माशांच्या टाकीला लावतात त्याहून मोठ्या क्षमतेचा फिल्टर बसवावा. शिवाय दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढण्यासाठी बाजारात मिळणारे औषध वापरावे. तळाशी बारीक खडे टाकू नयेत. कासव ते गिळते. शोभेसाठी ठेवायचेच तर त्याच्या डोक्याहून मोठे, गुळगुळीत दगड ठेवावेत.

ऊन, ऊब आणि कोरडी जागा

कासव स्वतःच्या शरीरात ऊब तयार करू शकत नाही. पाणी २४ ते २७ अंश सेल्सियस असावे. मुंबईत बहुतेक वर्षभर हे आपोआप साधते. दिल्ली, इंदूर किंवा नागपूरच्या थंडीत मात्र टाकीचा हीटर लागतो. पाण्याबाहेर पूर्ण चढून बसता येईल असा कोरडा ओटा करावा. त्यावर दिवा लावून तेथील तापमान ३० ते ३५ अंश ठेवावे. दिवा पाण्यात पडणार नाही, असा पक्का बसवावा.

सर्वांत जास्त चूक होते ती उन्हाच्या बाबतीत. उन्हातील अतिनील किरणांमुळे कासवाच्या शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होते आणि कॅल्शियम कवचाला लागते. टाकी खिडकीशी ठेवली की काम झाले, असे अनेकांना वाटते. पण खिडकीची काच हेच किरण अडवते. म्हणून ओट्यावर 'यूव्हीबी' दिवा रोज १० ते १२ तास लावावा. दिव्याचा उजेड दिसत राहिला तरी त्यातील किरण कमी होत जातात, त्यामुळे तो कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावा. सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर टब ठेवल्यास उत्तम. अर्धा टब सावलीत हवा आणि घार-कावळ्यांसाठी वर जाळी हवी.

ताटात काय?

नुसत्या सुक्या कोळंबीवर वाढवलेल्या कासवांचे डोळे 'अ' जीवनसत्त्वाअभावी सुजतात. कासवांसाठीचे तयार दाणे, लेट्यूससारखा पाला, थोडे गाजर किंवा लाल भोपळा द्यावा. कुरतडायला समुद्रफेनाचा तुकडा टाकावा. त्यातून कॅल्शियम मिळते. भात, पोळी, ब्रेड नको. डोळे सुजलेच तर घरगुती उपाय न करता पशुवैद्याला दाखवावे.

घरच्यांची काळजी

कासवाच्या अंगावर सॅल्मोनेला हे जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकण्यावर बंदी आली. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. टाकीचे सामान स्वयंपाकघरातील सिंकमध्ये धुऊ नये. घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री वा आजारी वृद्ध असल्यास कासव न आणलेलेच बरे.

आणि कायद्याचे काय?

पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले स्टार कासव, तसेच आपल्या तळ्या-विहिरींतील देशी कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ती घरात पाळणे गुन्हा आहे. परदेशी जातींबाबतही वन विभागाकडे आधी चौकशी करावी.

कासव मोठे झाले, सांभाळणे जड जाऊ लागले, म्हणून पुष्कळजण ते देवळाच्या तळ्यात सोडून पुण्य मिळवू पाहतात. हे पुण्य नव्हे. हे परदेशी कासव देशी कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याची जागा बळकावते. जगातील सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. अशा वेळी वन विभाग किंवा प्राणिमित्र संस्थेची मदत घ्यावी.

देवळात गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला आपण हात जोडतो. त्याला काहीच लागत नाही. जिवंत कासवाला मात्र ऊन, ऊब आणि खोल पाणी लागते, तेही तीस वर्षे! एवढी तयारी असेल तरच मुलाचा हट्ट पुरवावा.