सात मजूर, सहा महिने

नाशिकच्या महामार्गालगत कामावरच पाठ टेकणारे मजूर पाहिले की आम्हाला मुंबईचा कार्टर रोड आठवतो. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे दारू प्यालेल्या ॲलिस्टर परेराची गाडी पदपथावर चढली. झोपेतच ७ मजूर ठार झाले. सत्र न्यायालयाने शिक्षा किती दिली? ६ महिने! म्हणे निष्काळजीपणा. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून ३ वर्षे दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ती कायम केली.

म्हणजे सारा खेळ कलमाचा. भारतीय न्याय संहितेत आज १०६ लागले तर ५ वर्षांपर्यंत कैद, १०५ लागले तर १० वर्षे किंवा त्याहूनही अधिक होऊ शकते. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य, ही कायद्याची रेषा. पण रक्तच बदलले तर? पुण्यात २०२४ साली ससूनच्या डॉक्टरांना याच आरोपाखाली अटक झाली. धनदांडग्यांचे हात कुठवर पोचतात बघा!

नाशिकच्या कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे : अपघातात आपला माणूस गेला, तर मोर्चाआधी पोलीस ठाणे गाठा. चालकाचे रक्त केव्हा घेतले, कलम कोणते लावले, विचारा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका.