पुराचा नकाशा आणि आठ महिन्यांची झोप

पावसाळ्यात इंदिरानगरहून पंचवटीकडे निघालेला नाशिककर आधी विचारतो, दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला? गंगापूर धरणाच्या विसर्गावरून हे सांगणारा नकाशा संकेतस्थळावर देणे अवघड नाही. परंतु वर्षातून मोजकेच दिवस उघडल्या जाणाऱ्या नकाशासाठी सर्व्हरचे बारमाही भाडे कोण भरणार? मागणी आली की जागी होणारी, वापरापुरतेच शुल्क घेणारी क्लाउड सेवा हा त्यावरचा उपाय. अ‍ॅमेझॉनने २०१४ मध्ये 'लॅम्डा' आणली ती याच धर्तीची. फुकटावर मात्र भिस्त नको. 'हेरोकू'ने नोव्हेंबर २०२२ मध्ये मोफत सेवा गुंडाळलीच. शिवाय निद्रिस्त प्रणाली जागी होण्यात काही क्षण जातात, आणि ऑगस्ट २०१६ सारख्या पुरात नेमके तेच महागात पडतील. तेव्हा पावसाळ्याचे चार महिने एक प्रत पैसे मोजून जागी ठेवावी; उरलेले आठ महिने तिला खुशाल झोपू द्यावे.