नवा जन्म आणि जुनें पाप

ज्यानें ख्रिस्तावर विश्वास ठेवला, ज्याचें अंतःकरण पालटलें, त्याच्या हातून पुढें पाप घडूं शकतें काय, हा वाद ख्रिस्ती मंडळींत आरंभापासून चालत आला आहे. योहानाच्या पहिल्या पत्रांतच दोहों पक्षांस आधार सांपडतो. आपण निष्पाप आहों असें म्हणणारा स्वतःस फसवितो, असें पहिल्या अध्यायांत आहे. देवापासून जन्मलेला पाप करीत नाहीं, असें तिसऱ्यांत आहे. ल्यूथरच्या मतें विश्वासी मनुष्य एकाच वेळीं नीतिमानही असतो व पापीही. उलट जॉन वेस्ली म्हणे कीं, प्रीतींत पूर्ण झालेला मनुष्य जाणूनबुजून पाप करीत नाहीं. अज्ञान व चुका मात्र त्यालाही सुटत नाहींत. हा सगळा पंडितांचा शब्दच्छल, असें पुष्कळांस वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं, आणि त्याचें कारण जॉन न्यूटन याचें चरित्र होय.

1748 च्या मार्चांत भर समुद्रांत तुफानानें जहाज बुडूं लागलें असतां या उर्मट खलाशानें देवाचा धांवा केला. आपल्या पालटाचा आरंभ तो त्याच दिवसापासून मोजीत असे. पुढें काय झालें? 1750 पासून 1754 पर्यंत तो गुलाम वाहणाऱ्या जहाजांचा कप्तान होता! रविवारीं तो खलाशांना जमवून प्रार्थना चालवी. आणि त्याच तक्त्याखालीं आफ्रिकेंतून विकत घेतलेलीं माणसें साखळदंडांत पडलेलीं असत. हा कोणी ढोंगी नव्हता. तो धंदा इंग्लंडांत अब्रूचा समजला जाई, म्हणून त्याच्या मनाला टोंचणीच लागली नाहीं. 1754 सालीं त्यानें समुद्र सोडला तोही प्रकृति बिघडली म्हणून. 1764 सालीं तो पाळक झाला, उत्तम भजनें रचिलीं. परंतु गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहावयास त्याला 1788 साल उजाडावें लागलें. वेस्लीनें तसें लिहून तेव्हां चौदा वर्षें झालीं होतीं.

पापास जाणीव अवश्य, असें मानलें तर न्यूटन निर्दोष ठरतो. परंतु त्यानें ती पळवाट घेतली नाहीं. आपला कबुलीजबाब कितीही मनापासूनचा असला तरी झालेलें दुःख टाळावयास वा भरून काढावयास तो फार उशिरां आला आहे, असें त्यानें त्या पुस्तिकेंत लिहिलें. आमच्या मतें वादाचा निकाल येथें लागतो. विश्वासी मनुष्य पाप करूंच शकत नाहीं असें म्हणणारा, तो जें जें करील तें पुण्यच, असें म्हणावयाच्या वाटेला लागतो. ल्यूथरचें वचन अधिक खरें आहे. मात्र त्याची उशी करून झोंपणारे थोडे नाहींत.

आणि हें दूरदेशचें पुराण नव्हे. 1833 सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांना दक्षिणेकडील मंडळ्यांतून जातिभेद काढून टाकण्याविषयीं आज्ञापत्र धाडावें लागलें. बाप्तिस्मा होऊन पिढ्या लोटलेले लोक प्रभुभोजनासही जातीजातीनें वेगळे येत होते. तंजावराकडील कित्येकांनीं त्या आज्ञेपुढें मंडळी सोडली, पण जात सोडली नाहीं. आजही तामीळ प्रांतांत दलित ख्रिस्त्यांसाठीं निराळीं स्मशानें आढळतात. पाळकांनीं दारू व जुगार यांवर प्रवचनें खुशाल करावींत. परंतु त्या स्मशानाच्या भिंतीविषयीं ते केव्हां बोलणार?