बांधाचा वाद आणि कायद्याचे अज्ञान

मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर येथील सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कार्यरत झाले आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईवारी टळली. अनेक दशकांच्या मागणीला आलेले हे यश अभिनंदनीयच. तथापि सामान्य माणसाला उच्च न्यायालयाआधी तालुक्याच्या न्यायालयाची पायरी चढावी लागते आणि त्याचे नुकसान बहुधा ती पायरी चढण्याआधीच होऊन गेलेले असते.

बांधाचा वाद घ्या. शेजाऱ्याने बांध कोरला की माणूस प्रथम पोलीस ठाणे गाठतो. मारहाण झाली असेल तर ते योग्यच. तो फौजदारी मामला. परंतु जमीन कोणाची, हे ठरविणे फौजदाराचे काम नव्हे; तो अधिकार दिवाणी न्यायालयाचा. आणि सात-बारा? ती महसुली नोंद आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे, असे न्यायालयांनी वारंवार बजावले आहे. पुराव्याची कसोटीही दोन्हीकडे निराळी. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयातीतपणे सिद्ध व्हावा लागतो. दिवाणी दाव्यात कोणाची बाजू अधिक संभवनीय, एवढे पाहिले जाते. त्यामुळे मारहाणीच्या खटल्यात निर्दोष सुटलेला शेजारी जमिनीचा दावा हरू शकतो. गावात मात्र अशा वेळी ‘न्यायाधीश फिरला’ अशी कुजबुज सुरू होते! आरोपीला जामीन मिळाला की तो ‘सुटला’ असे म्हणणारेही हेच.

याहून घातक अज्ञान मुदतीचे. दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील करावे लागते. विलंब माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावे लागते. ‘सुगी चालू होती’ एवढ्याने भागेलच असे नाही. त्यात १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ही राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा ठरली असली, तरी निकालपत्र अनेकदा इंग्रजीतच हाती पडते. ते वाचून घेण्यातच पहिला आठवडा जातो.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील बंदी यांना उत्पन्न न पाहता विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठीचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो. गावोगावी वावरणाऱ्या कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील या समितीचा पत्ता आणि ‘३० दिवस’ हा आकडा घरोघरी पोहोचवावा.